स्वविसंगतीची प्रथिने आणि नागपुरी संत्रे : एक ऐतिहासिक आढावा

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांत संत्र्याच्या बागा विपुल आहेत. जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधून कलमे तयार करण्याची पद्धत असल्यामुळे एका बागेतील शेकडो झाडे आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकच असतात. तेथे एका झाडाचा पराग शेजारच्या झाडाच्या फुलावर पडला, तरी तत्त्वतः ते स्वपरागणच होय. असे असूनही आंबिया व मृग या दोन्ही बहारांच्या फळांत बिया धरतात. याच लिंबू वंशातील पपनस मात्र स्वतःचा पराग स्वीकारीत नाही. या भेदाचे रासायनिक कारण २०२० साली उघड झाले. परंतु त्यामागे सुमारे अडीच शतकांच्या संशोधनाचा इतिहास आहे.

धडधाकट पराग व धडधाकट स्त्रीकेसर असूनही स्वपरागणाने बी धरत नाही, या अवस्थेस स्वविसंगती म्हणतात. अठराव्या शतकात कोलरॉयटर या जर्मन शास्त्रज्ञास ती व्हर्बॅस्कमच्या एका जातीत आढळली. डार्विनने १८७६ साली स्वपरागण व परपरागण यांच्या परिणामांची विस्तृत तुलना प्रसिद्ध केली. तथापि आनुवंशिक उलगडा होण्यास १९२५ साल उजाडावे लागले. ईस्ट व मँगल्सडॉर्फ यांनी तंबाखूच्या वंशातील वनस्पतींवर प्रयोग करून दाखविले की, एस या एकाच जनुकस्थानाची अनेक पर्यायी रूपे असतात. परागातील रूप स्त्रीकेसराच्या दोन रूपांपैकी एकाशी जुळले, तर परागनलिकेची वाढ किंजलातच खुंटते.

हा अडसर कोणत्या द्रव्याचा? डेव्हिड लुईस यांनी १९५२ साली ईनोथेराच्या परागावर रक्तद्रव्याच्या कसोट्या लावून एस-जनुकांगणिक भिन्न असलेली प्रतिजने दाखविली. भारतातही या प्रश्नावर मौलिक काम झाले. दिल्ली विद्यापीठातील रंगस्वामी व शिवण्णा यांनी १९६७ साली पेटुनियाच्या स्वविसंगत जातीत किंजल्क व किंजल टाळून पराग थेट बीजांडांच्या सान्निध्यात ठेवला आणि स्वतःच्याच परागापासून बी मिळविले. अडसर बीजांडात नसून त्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता.

पुढे १९८१ साली नेदर्लंड्समधील ब्रेडेमायर व ब्लास यांना निकोटियाना अलाटाच्या किंजलात एस-रूपागणिक बदलणारी प्रथिने आढळली. मेलबर्न येथील एड्रियन क्लार्क यांच्या गटाने १९८६ साली अशा एका प्रथिनाचा जनुकीय आराखडा वेगळा केला. त्याची रचना बुरशीतील एका रिबोन्यूक्लिएझशी जुळते, हे लक्षात येताच १९८९ साली मॅक्लूर व सहकाऱ्यांनी हे प्रथिन स्वतःच आरएनएचे विघटन करणारे वितंचक आहे, असे सिद्ध केले. स्वकीय परागनलिकेतील आरएनए त्यामुळे नष्ट होते, हेही पुढील वर्षी दिसून आले. परकीय परागनलिका का वाचते, याचा उलगडा २००४ व २०१० मधील पेटुनियावरील संशोधनाने झाला. परागात एफ-बॉक्स नावाची अनेक प्रथिने असतात. ती परक्या वितंचकांना ओळखून निष्प्रभ करतात, मात्र स्वतःच्या एस-रूपाच्या वितंचकावर त्यांचा उपाय चालत नाही. कोबी व अफूच्या वंशातील एक जात यांत याहून निराळ्या प्रथिनांनी तेच कार्य साधले आहे.

२०२० साली चीनमधील संशोधकांनी पपनसाच्या स्त्रीकेसरात अशी नऊ वितंचके शोधली. मँडरिन संत्र्यात त्यांना एस-एम नावाचे एक रूप आढळले. त्यातील केवळ एका न्यूक्लिओटाइडाच्या बदलामुळे वितंचक निकामी होते. हे उत्परिवर्तन प्रथम मँडरिनमध्ये उद्भवून त्याच्या संकरजांत पसरले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. झाडात अशी एक प्रत असली तरी पुरते; कारण एस-एम पराग उरलेल्या दुसऱ्या वितंचकाचे निवारण करू शकतो.

नागपुरी संत्रे मँडरिन जातीचेच आहे. त्यामुळे या इतिहासाचे महत्त्व केवळ तात्त्विक राहत नाही. भूमध्य समुद्राकाठचे क्लेमेंटाइन हे संत्रे स्वविसंगत असून निषेचनावाचूनही फळ धरते. म्हणून इतर जातींपासून दूर लावल्यास त्याची फळे बिनबियांची निघतात आणि मधमाश्यांनी परका पराग आणल्यास त्यांत बिया भरतात. बीविरहित फळास बाजारात अधिक मागणी असते. तेव्हा वर्ध्याच्या बागायतदारास हितकारक काय, तर ढळलेला अडसर पुन्हा बसविणे. मात्र अनिषेकफलनाचा गुण सोबत नसेल, तर एकाच जातीची अशी बाग फळांवाचून राहील. म्हणून येथील झाडांची एस-रूपे निश्चित करणे आणि मोहोर पिशवीबंद करून फलधारणा मोजणे ही दोन्ही कामे एकत्रच व्हावयास हवीत. ती पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत, आणि त्यांसाठी लागणारी सामग्री आपल्या दाराशी उभी आहे.