कळक : परीक्षानळीतील फुलोरा

ऊतिसंवर्धनाने वाढवलेल्या कळकाच्या कोवळ्या अंकुरांना काचपात्रातच फुलोरा आणून बी धरवण्याचा प्रयोग. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, ए. एफ. मस्करेन्हस व सहकारी यांनी तो केला. त्यांचा शोधनिबंध 1990 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. भारतीय वनस्पतिविज्ञानातील हे अव्वल दर्जाचे काम आहे.

कळक (बांबुसा अरुंडिनेसिया) हा काटेरी बांबू. विदर्भात त्याला कटांग म्हणतात. त्याच्या पोकळ पेरांत साचणारे सिलिकायुक्त वंशलोचन आयुर्वेदात खोकला व श्वासविकारांवर वापरतात. सितोपलादि चूर्णाचा तो एक प्रमुख घटक आहे. मात्र कळक आयुष्यात एकदाच, कित्येक दशकांनी फुलतो आणि बी धरल्यावर अख्खे बेट वाळते. दोन वाण एकाच वेळी फुलण्याची वाट पाहत संकर करायचा, तर संशोधकाची हयात पुरत नाही. गहू-भातात झाली तशी सुधारणा बांबूत झाली नाही, याचे एक मोठे कारण हेच.

पुण्यात रोपांचे डोळा असलेले तुकडे निर्जंतुक करून क्षार, साखर व जीवनसत्त्वे असलेल्या पोषक माध्यमावर ठेवले. माध्यमात नारळाचे पाणी आणि बेंझिल-अमायनोप्युरीन हे सायटोकायनिन वर्गातील वाढद्रव्य होते. नव्या माध्यमावर काही वेळा हलवल्यानंतर अंकुरांना फुले आली, बी धरले आणि ते रुजलेही. डेंड्रोकॅलॅमस ब्रँडिसी या दुसऱ्या जातीतही फुलोरा मिळाला. दशकांची प्रतीक्षा टाळून हव्या त्या वेळी फुले मिळू शकतात, म्हणून संकराची वाट मोकळी होते. प्रयोगाचे खरे मोल यातच आहे.

याने औषध मात्र थेट वाढत नाही. वंशलोचन तयार होते ते पक्व कांबीच्या पेरांत, बाटलीतल्या अंकुरात नव्हे. शिवाय लागवडीच्या रोपांत अकाली फुलोरा हा दोषच, कारण फुललेले बेट मरते. जुन्या बेटाच्या डोळ्यांपासून केलेली रोपे मातृबेटाबरोबरच फुलू शकतात; म्हणून ऊतिसंवर्धित रोपे घेणाऱ्या शेतकऱ्याने मातृबेटाचे वय आणि त्याच्या मागच्या फुलोऱ्याची नोंद आधी विचारून घ्यावी.