भिक्खूंचा विहार आणि गृहस्थाचं घर : अजिंठ्याच्या छताकडे बघताना

आजचा विषय घराच्या सजावटीचा आहे, पण मी सुरुवात करणार आहे एका तक्रारीपासून.

पाली विनयपिटकात चुल्लवग्ग नावाचा भाग आहे. त्यात विहार कसे बांधावे, दारं-खिडक्या कशा असाव्या, भिंतीला कोणता रंग द्यावा, असे अगदी घरगुती प्रश्न येतात. त्यातच एक प्रसंग आहे. नियम वाकवण्यात पटाईत असलेले सहा भिक्खू होते, त्यांना छब्बग्गिय म्हणतात. त्यांनी विहारात स्त्री-पुरुषांची चित्रं काढून घेतली. विहार बघायला आलेले लोक चिडले. म्हणाले, हे तर चैनीत राहणाऱ्या गृहस्थांसारखं झालं! मग बुद्धांनी तशी चित्रं मना केली आणि फुलांच्या माळा, वेली, मगरदंती नक्षी अशा चार प्रकारांना मुभा दिली.

आता ही तक्रार इतिहासकाराच्या नजरेनं वाचा. त्या काळातली साधी घरं आज आपल्याकडे नाहीत. लाकूड कुजलं, माती विरघळली. पण लोक 'गृहस्थांसारखं' म्हणाले, याचा अर्थ गृहस्थांच्या भिंतींवर अशी गमतीची चित्रं असत आणि ती सगळ्यांच्या माहितीची होती. घर गेलं, कुरकुर राहिली. तीच आपला पुरावा.

दुसरा पुरावा आपल्या जिल्ह्यात आहे. अजिंठ्याची 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाची लेणी पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. 16 क्रमांकाचं लेणं हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं दान दिलं, तसा शिलालेखच तिथे आहे. हे सगळे विहार, म्हणजे राहायच्या जागा. आपण तिथे जातो, पद्मपाणी बघतो आणि बाहेर येतो. वर कोण बघतं? पहिल्या लेण्यात मान वर करा. छत चौकटी-चौकटींत वाटलेलं आहे. वेली आहेत, फळं आहेत, कमळं आहेत, म्हणजे नियमाला धरून. पण त्या कमळांतून एक हत्ती उधळत निघालाय. मधेच टोप्या घातलेले परदेशी पाहुणे पेयपान करत बसलेत. त्याच लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरलेली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. कुठल्याही हरणाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं! दुसऱ्या लेण्यात हंसांची रांग आहे, त्यातल्या हंसांच्या माना वेगवेगळ्या वळलेल्या. यात उपदेश कोणता? मला तरी सापडत नाही. ही निव्वळ मौज आहे.

मग नियमाचं काय झालं? नियमही बदलत गेले. मूलसर्वास्तिवादी परंपरेच्या विनयात अनाथपिंडद विचारतो, विहार रंगवू का? उत्तर मिळतं, रंगव, पण जागा बघून. बाहेरच्या दाराशी दंडधारी यक्ष, ओसरीत संसारचक्र, स्वयंपाकघराशी हातात अन्न घेतलेला यक्ष, पाण्याच्या खोलीशी घट धरलेले नाग, आजाऱ्यांच्या खोलीशी रुग्णाची सेवा करणारे बुद्ध. आणि शौचालयाशी? स्मशान! म्हणजे खोलीचं काम आणि भिंतीवरचं चित्र यांचा मेळ. 17 क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत असं चक्र आजही दिसतं, अर्धंमुर्धं का होईना.

याला लागलेलं सामानही बघा. चिखलाच्या गिलाव्यात भाताचं तूस आणि काडीकचरा, वर चुन्याचा पातळ हात. रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. फक्त निळा दगड लांबून, अफगाणिस्तानातून यायचा. बाकी सगळं कुठल्याही घरात सारवणाला लागणारं. चित्रकारांना जे हात बसले होते, ते घरांच्या भिंतींवर बसले असणार, असं मी म्हणतो ते यामुळे.

वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात. छताला लाकडी वाशांसारखे वासे, पण सगळे दगडात कोरलेले. गरज शून्य, दगडाचं छत काही वाशांवर उभं नसतं. तरी कोरले, कारण घर म्हटलं की वासे हवेत. लोकांनी नाव बरोबर ठेवलं.

आता आपल्याकडे येऊ. आज आपण फ्लॅटच्या भिंती पांढरट ठेवतो, का, तर उद्या विकायचा झाला तर अडचण नको. म्हणजे घर आपलं आणि आवड येणाऱ्या गिऱ्हाइकाची! आणि मराठवाड्यातली माळवदाची घरं एकामागून एक उतरताहेत. कुणाच्या आजीनं देवळीभोवती गेरू-चुन्यानं मोर काढलेला असतो, कुणी कोनाड्याला डोळे काढून त्याचा राक्षस केलेला असतो. घर पाडताना आपण सागाची तुळई जपून काढतो, कारण तिला भाव आहे. मोर ढिगाऱ्यात जातो.

म्हणून एकच विनंती. जुनं घर उतरवायच्या आधी भिंतींचे फोटो काढा, मागे गाव, वर्ष आणि काढणाऱ्याचं नाव लिहा. आणि नव्या घरात एखादी भिंत, निदान स्वयंपाकघराचं छत तरी, पोरांच्या हवाली करा. शेजारी कुरकुरले तर कुरकुरू द्या. कधीकधी इतिहासात तेवढंच उरतं.