कोरडवाहू प्रदेशातील वनीकरण आणि वृक्षप्रजातींची निवड : पाथरी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्यातील पाथरी हा गोदावरीच्या उत्तरेस वसलेला, प्रामुख्याने काळ्या कसदार जमिनीचा तालुका आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील मोठी वने आदिलाबाद, वरंगळ या तेलंगणाच्या भागात होती. परभणीच्या सखल पट्ट्यातील जमीन मात्र ज्वारी आणि कापसाखाली होती. त्यामुळे येथील वनीकरणाचा प्रश्न मुख्यतः बांध, गायरान, नदीकाठ आणि रस्त्याकडेच्या जागांचा आहे. अशा जागांसाठी झाडांची निवड वेळोवेळी कोणत्या कसोटीवर झाली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जमीन आणि देशी वृक्ष :
कोरड्या प्रदेशातील निवडीचा विचार बहुधा पर्जन्यमानापासून सुरू होतो. काळ्या जमिनीत मात्र तेवढे पुरत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते व पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि कोवळ्या रोपांची मुळे तुटतात. एकाच वर्षात पाणी साचणे आणि पाणी तुटणे ही दोन्ही संकटे सोसणारी झाडे थोडी आहेत. बाभूळ त्यांपैकी प्रमुख होय. पाण्याचा निचरा होणाऱ्या मुरमाड माळावर उत्तम वाढणारा कडुनिंब पाणी धरणाऱ्या जमिनीत खुरटतो. माळावर हिवर, बोर, सीताफळ आणि ओढ्याकाठी करंज, अर्जुन, जांभूळ ही विभागणी शेतकऱ्यांना अनुभवाने ज्ञात होती.

बाभळीचे लाकूड औत, वखर व गाडीच्या चाकांसाठी सुताराकडे जाई. शेंगा शेळ्यांना, साल कातडी कमावण्यासाठी, डिंक घरात वापरला जाई. झाड टिकण्यामागे असे अनेकांचे हितसंबंध होते. शेजारच्या वऱ्हाडात, १८५३ नंतरच्या ब्रिटिश प्रशासनाने नदीकाठची बाभूळबने वनखात्याच्या व्यवस्थेखाली आणली. आर. एस. ट्रूप यांच्या १९२१ मधील भारतीय वृक्षांवरील त्रिखंडात्मक ग्रंथात बाभळीचे सविस्तर विवेचन आढळते. शेळ्यांच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले रुजते, हे निरीक्षणही जुने आहे. चराई आणि वन यांचे नाते सदैव वैराचे नसते, हे त्यातून सूचित होते.

परदेशी प्रजातींचा काळ :
१९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने मैदानी प्रदेशात २० टक्के क्षेत्र वनाखाली असावे, असे उद्दिष्ट ठेवले. काळ्या जमिनीच्या प्रदेशात ते केवळ वनखात्याच्या जमिनीवर साध्य होणे अशक्य होते. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा कायदा (१९७७) आणि राज्यात १९८२ पासून सामाजिक वनीकरण यांमुळे वृक्षलागवड गावोगावी पोहोचली. या टप्प्यावर शीघ्र वाढ ही निवडीची मुख्य कसोटी ठरली. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने चारा व जळणासाठी सुबाभळीचा प्रसार केला. हेतू लोकोपयोगी होता आणि चाऱ्याचा लाभही झाला; परंतु १९८८ च्या सुमारास आलेल्या रसशोषक किडीने एकाच प्रजातीवर विसंबण्याचा धोका दाखविला. नीलगिरीबाबत कर्नाटकात असंतोष वाढला. १९८३ मध्ये तुमकूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी तिची रोपे उपटून निषेध नोंदविला. एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेली वेडी बाभूळ तर लागवडीवाचूनही पडीक जमिनींवर पसरली.

कसोटीचा प्रश्न :
यानंतर जिवंत रोपांची संख्या ही कसोटी बळावली. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांसाठी राज्याने ५० कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. संख्येवर यश मोजले की, गुरे सहसा तोंड लावत नाहीत अशा गिरिपुष्पासारख्या झाडांकडे कल झुकणे स्वाभाविक ठरते. परंतु गायरानावर शेळ्या चारणाऱ्या भूमिहीन कुटुंबाच्या दृष्टीने, जनावर खात नाही असे झाड म्हणजे गेलेले कुरण होय. कागदावर ज्याला यश म्हटले जाते, त्याची किंमत अशा वेळी गावातील सर्वांत दुर्बल घटक मोजतो.

याउलट १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेत बोर, सीताफळ, चिंच, आवळा यांसारख्या काटक झाडांना शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत स्थान मिळाले. तेथे झाडाला राखणदार होता आणि राखण्याचे कारणही होते.

पाथरीत आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाच्या, १९७६ मध्ये उद्घाटन झालेल्या धरणाच्या डाव्या कालव्याचे लाभक्षेत्र या तालुक्यात येते. कालव्याखालील भारी जमीन आणि कालव्याबाहेरचा माळ यांना एकच रोपयादी लागू पडत नाही.

निष्कर्ष :
महसूल, शीघ्र वाढ आणि संख्या या तिन्ही कसोट्या गावाबाहेर ठरल्या. कोरडवाहू प्रदेशातील वृक्षनिवडीत प्रथम मातीची खोली व निचरा, त्यानंतर झाडाचा उपयोग कोणाला आणि लागवडीनंतरची पहिली चार-पाच वर्षे त्याची राखण कोण करणार, या क्रमाने विचार होणे आवश्यक आहे. रोपवाटिकेत कोणते रोप उपलब्ध आहे, हा प्रश्न त्यानंतरचा होय. बांधावरची बाभूळ शतकानुशतके टिकली, कारण या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यापाशी होती.