गाणारा पुढें, टाळ मागें

श्रोतेहो, हिंगोलीजवळचें नरसी हें गांव परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. त्याच जिल्ह्यांतील औंढ्या नागनाथाची कथा आपणांस ठाऊकच आहे: नामदेवांना कीर्तनासाठीं देवळामागें जावें लागलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें. कथेंतील भक्तिभाव क्षणभर बाजूस ठेवला, तरी एक प्रश्न उरतो. गाणारा कोठें उभा आहे आणि ऐकणारा कोठें? ध्वनिमुद्रणाचा इतिहास याच प्रश्नाभोंवतीं फिरत आला आहे.

वारकरी कीर्तनांत याचें उत्तर रचनेंतच आहे. कीर्तनकार पुढें, टाळकरी मागें, मृदंग बाजूस. चरण चालू असतां टाळ हलके वाजतात आणि ध्रुपदास सारे मिळून उसळतात. शब्द आधीं, नाद मागून, असा हा क्रम होय.

सन १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग कलकत्त्यास आले व गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें. त्या काळीं मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यांत शिरलेल्या आवाजानें पडदा हाले व सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. म्हणून गायकानें कर्ण्याशीं तोंड न्यावें व मोठ्या आवाजाच्या वाद्यांनीं दूर बसावें लागे. अंतर हेंच मिश्रण! दहा इंची तबकडीवर अवघीं तीनएक मिनिटें मावत. चूक झाली तर पुन्हां आरंभापासून गावें लागे. १९२५ पासून विद्युत्-मुद्रण आलें आणि हळुवार कंठासही न्याय मिळाला. पुढें ध्वनिफितीवर प्रत्येक वाद्य निराळें मुद्रित करून त्यांचें प्रमाण मागाहून ठरवितां येऊं लागलें.

हिंगोली १ मे १९९९ रोजीं स्वतंत्र जिल्हा झाला. आज तेथील एखाद्या घरींही संगणकावर हें सारें साधतें. परंतु सोय वाढली कीं मोह वाढतो: प्रत्येक वाद्य पुढें यावेंसें वाटतें. पेटीचे स्वर गळ्याच्याच पट्टींतले, म्हणून ती गळ्यास झांकते. टाळांचा तीक्ष्ण नाद व्यंजनांवर पसरतो. मृदंगाचा धुमा वाढला कीं सारें गढूळ होतें. तेव्हां आधीं कंठ स्थिर करावा, मग एकेक वाद्य त्याच्याभोंवतीं आणावें, आणि शेवटीं आवाज अगदीं लहान करून ऐकावें. अभंग ठाऊक नसलेल्या माणसासही शब्द कळले, तर मिश्रण साधलें.

हा केवळ कारागिरीचा प्रश्न नव्हे. घरांतील वडीलधाऱ्यांच्या मुखीं असलेली चाल पुष्कळदां कोणीं लिहून ठेवलेली नसते. त्यांच्यामागें ती मुद्रणांतच उरेल. तेथेंही शब्द टाळांखालीं बुडाले, तर नातवंडांच्या हातीं नुसता ठेकाच यावयाचा.