पुं-वंध्यत्व, भातातील
भाताच्या फुलातील किंजमंडल निकोप असूनही परागकोशात जननक्षम पराग तयार न होणे, या अवस्थेस भातातील पुं-वंध्यत्व म्हणतात. भात स्वपरागित असून एका फुलापासून एकच दाणा मिळतो; म्हणून प्रत्येक फुलातील सहा केसरदले हाताने काढून संकरित बियाणे शेतीपुरते तयार करणे व्यवहार्य ठरत नाही. परागहीन झाड मिळाल्यास हे काम निसर्गच करतो.

भाताच्या संकरांतील वंध्यत्वात कोशिकाद्रव्याचाही भाग असल्याचे संपत व मोहंती यांनी १९५४ मध्ये सुचविले होते. जपानमध्ये शिंजो व ओमुरा यांनी १९६६ मध्ये चिनसुरा बोरो-२ या बंगाली भाताच्या कोशिकाद्रव्यात ताइचुंग-६५ चे केंद्रक आणून पुं-वंध्य झाडे मिळविली. चीनमधील हूनान प्रांतात कृषिशाळेतील शिक्षक युआन लाँगपिंग यांना १९६४ मध्ये लागवडीच्या भातातच अशी झाडे आढळली. परंतु त्यांची सर्व संतती वंध्य राखता येईना. अखेर नोव्हेंबर १९७० मध्ये हायनान बेटावर ली बिहू व फेंग केशान यांना पाणथळीतील रानटी भातात एक पुं-वंध्य झाड सापडले. या शोधाचे श्रेय एकट्या युआन यांना देण्याची रूढी आहे. ती न्याय्य नव्हे. त्या झाडाचे कोशिकाद्रव्य आणि आयआर-२४ सारख्या फिलिपीन्समधील वाणांत आढळलेले जननक्षमता परत आणणारे जीन यांच्या मेळातून १९७३ मध्ये त्रिवाण पद्धती सिद्ध झाली. १९७६ पासून चीनमध्ये संकरित भाताची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली.

या वंध्यत्वाचे मूळ कलकणूंत (कोशिकेस ऊर्जा पुरविणाऱ्या घटकांत) आहे. तेथील डब्ल्यूए-३५२ जीनपासून बनणारे प्रथिन परागकोशाच्या पोषक स्तरात केंद्रकीय जीनपासून बनलेल्या कॉक्स-११ या प्रथिनाशी संलग्न होते. परिणामी तो स्तर अकाली नष्ट होऊन पराग उपासमारीने मरतात, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. पहिल्या व दहाव्या गुणसूत्रांवरील अनुक्रमे आरएफ-३ व आरएफ-४ हे केंद्रकीय जीन हा दोष झाकतात.

कर्जत येथील सह्याद्री (१९९८) या संकराची मादीही याच रानटी कोशिकाद्रव्याची आहे. एकाच झाडावरचे हे अवलंबन निर्धोक नाही. अमेरिकेत १९७० मध्ये एकाच पुं-वंध्य कोशिकाद्रव्याचा मका करप्याने मोठ्या प्रमाणावर बळी पडला होता. हूबे प्रांतात शी मिंगसाँग यांना १९७३ मध्ये आढळलेले, दिनमानानुसार वंध्य होणारे झाड हा एक पर्याय ठरला. मात्र १९८९ च्या थंड उन्हाळ्यात अशा काही वाणांत पराग पुन्हा जननक्षम झाले व बियाण्याची शुद्धता बिघडली.