गामाचा दगड, सहाणेवरचे बदाम आणि माझ्या गोळ्या



कमाटीबागेतल्या म्युझियममधला तो अवजड दगड आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिला असेल. गामा पहिलवानाने 1902 साली तो उचलला, अशी त्यावर नोंद आहे. वजन साधारण 1200 किलो. गेल्या महिन्यात नातवाला दाखवायला नेलं, तर त्याचा पहिला प्रश्न, "आजोबा, हे लोक कोणतं सप्लिमेंट घ्यायचे?" मी हसलो खरा, पण मनात चरकलो. माझ्याच खिशात गोळ्यांची डबी होती!

आपलं बडोदं म्हणजे तालमींचं गाव. जुम्मादादांच्या नावाचं व्यायाम मंदिर त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांनी नावारूपाला आणलं. मोडलेलं हाड बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. द. चिं. मुजुमदारांनी मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' काढला तोही याच गावातून, दहा खंडांत. हे वैभव आपल्या मुलांना माहीत नसतं, म्हणून सांगतो.

माझे वडील पहाटे तालमीत जात. परत आले की आई भिजवलेले बदाम सहाणेवर उगाळून दुधातून देई. सोबत मोड आलेले हरभरे, वर लिंबू. थंडीत आवळा. अँटिऑक्सिडंट हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता, पण बदामातलं ई जीवनसत्त्व आणि आवळ्या-लिंबातलं सी जीवनसत्त्व हे दोन्ही अँटिऑक्सिडंटच.

आता हा प्रकार काय ते थोडक्यात. शरीर प्राणवायू वापरतं तेव्हा फ्री रॅडिकल नावाचे उपद्रवी कण तयार होतात. व्यायामात ते वाढतात. त्यांना आवर घालतात ती अँटिऑक्सिडंट. 1956 साली डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने म्हातारपण या कणांमुळे येतं असा सिद्धांत मांडला. 1970 साली लायनस पॉलिंग यांनी सर्दीवर सी जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुचवणारं पुस्तक लिहिलं. दोन-दोन नोबेल मिळालेला माणूस, लोकांनी विश्वास ठेवला. गोळ्यांचा बाजार तेजीत आला. निवृत्तीनंतर मीही त्या रांगेत उभा राहिलो. एका स्नेह्याने सांगितलं, "घ्या हो, नुकसान तर नाही ना!"

नुकसान नाही, हे गृहीतच चुकीचं होतं. 2009 साली जर्मनीत मायकेल रिस्टो यांच्या गटाला दिसलं की व्यायामाबरोबर सी आणि ई च्या गोळ्या घेणाऱ्यांत व्यायामाचा इन्सुलिनवर होणारा चांगला परिणाम दिसेनासा झाला. 2016 साली नॉर्वेतल्या संशोधकांचा निष्कर्ष आला, तो तर थेट माझ्यासारख्यांवरच. साठी ते ऐंशीच्या घरातले पुरुष, बारा आठवडे वजनांचा व्यायाम. निम्म्यांना रोज 1000 मिलिग्रॅम सी आणि 235 मिलिग्रॅम ई, बाकीच्यांना नुसती नकली गोळी. चरबी वगळता अंगाचं वजन नकली गोळीवाल्यांचं 3.9 टक्के वाढलं, खऱ्या गोळीवाल्यांचं फक्त 1.4 टक्के. त्यामागचं कारण असं सांगतात: ते उपद्रवी कणच स्नायूला निरोप देतात, "ताण पडलाय, बळकट हो." गोळ्यांचा मोठा डोस तो निरोपच दाबून टाकतो.

बँकेत जन्म गेला, म्हणून हिशेब मांडला. मूठभर बदामात ई जीवनसत्त्व सुमारे 7 मिलिग्रॅम. म्हणजे 235 साठी रोज तीसहून जास्त मुठी! आईच्या सहाणेवर एवढे बदाम कधीच उगाळले गेले नसते. अन्नातून मिळतं ते बेताचं. गोळीतून मिळते ती उचल, आणि उचलीवर व्याज लागतंच.

जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणत नाही. तालमीतलं तूप-दूध दंडबैठका सोडल्यावरही चालू ठेवणारे पुढे मधुमेहाने आणि हृदयविकाराने गेलेले मी पाहिले आहेत.

मी डॉक्टरांना विचारून गोळ्या बंद केल्या. तुम्हाला डॉक्टरांनी काही कारणाने दिल्या असतील तर त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. मी आता सकाळी फिरतो, पाण्याच्या दोन बाटल्या उचलून हात हलवतो आणि आवळा खातो. नातू व्यायामाला येतो सोबत. बदाम मात्र तो मिक्सरमध्येच वाटतो, सहाण त्याला सापडली नाही.

तुमच्या घरात तालमीत जाणारं कोण होतं? काय खायचे? जरूर लिहा.