इंग्लिश फुटबॉल क्लबांची मालकी व अर्थकारण

इंग्लंडमधील अव्वल फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेवर मालकांच्या भांडवलाचा निर्णायक प्रभाव आहे. १९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाल्यावर दूरचित्रवाणी हक्कांचे उत्पन्न झपाट्याने वाढले. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील निम्मा वाटा क्लबांना समान मिळतो. उरलेला गुणतक्त्यातील स्थान व प्रक्षेपित सामन्यांची संख्या यांनुसार ठरतो.

पोलाद उद्योजक जॅक वॉकर यांच्या पैशावर ब्लॅकबर्न रोव्हर्सने १९९४-९५ चे विजेतेपद मिळवले. रोमन अब्रामोविच यांनी २००३ मध्ये घेतलेला चेल्सी २००५ व २००६ मध्ये विजेता ठरला. २००८ मध्ये अबू धाबीच्या मालकीत गेलेल्या मँचेस्टर सिटीने २०१८ ते २०२४ या सात हंगामांत सहा विजेतेपदे पटकावली. याउलट, २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेताना काढलेल्या कर्जाचा बोजा क्लबवरच पडला. २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने घेतलेला ब्लॅकबर्न २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली घसरला. भांडवलाच्या या वर्चस्वाला लेस्टर सिटीचे २०१५-१६ चे विजेतेपद हा दुर्मीळ अपवाद होय.

क्लबांच्या बेसुमार खर्चाला आवर घालण्यासाठी तीन वर्षांतील तोट्यावर १०.५ कोटी पौंडांची मर्यादा आली. तिच्या उल्लंघनाबद्दल २०२३-२४ मध्ये एव्हर्टन व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण कापले गेले. बड्या क्लबांची वेगळी युरोपियन सुपर लीग काढण्याची २०२१ मधील योजना चाहत्यांच्या तीव्र विरोधामुळे काही दिवसांतच कोसळली. क्लब ही स्थानिक समाजाची ठेव आहे, ही चाहत्यांची भूमिका त्यातून ठळक झाली. २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र फुटबॉल नियामकाची तरतूद केली.